बदलांक एकतीस

"एवढं कबूल करायला तुला किती जड गेलं असेल, आई," असे ऋजुता फोनवर म्हणाली आणि रडू लागली, तेव्हा चारुशीलाबाई पोतनीसांना पहिला संशय आला.

आपण काय कबूल केले, हे त्यांना ठाऊक नव्हते.

अकरा वर्षांनी मुलीचा आवाज कानावर पडत होता. अशा वेळी ‘मी काय कबूल केलं?’ असे विचारणे शहाणपणाचे नव्हते आणि बाईंच्या स्वभावातही नव्हते. गडहिंग्लजच्या विद्यालयात सव्वीस वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला प्रश्न विचारण्याची सवय असते, अज्ञान दाखवण्याची नव्हे. "रविवारी ये. जेवायलाच ये," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

बारा दिवसांपूर्वी त्यांनी मुलीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले होते. ‘तुझे पुस्तक वाचले. त्यात खोटे काही नाही. घरी ये.’ तीन वाक्ये. ऋजुताची अटच तशी होती. वडिलांच्या तेराव्यानंतर आईशी भांडून ती घराबाहेर पडली, ती पुन्हा आली नाही. यंदा तिचे ‘शाळेमागचं घर’ हे आठवणींचे पुस्तक निघाले, तेव्हा तिने भावाकरवी निरोप धाडला, की आईने हे वाचावे, वाचून काय वाटले ते लिहावे, मग मी येईन.

बाईंनी ते वाचले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोन आठवडे, रोज सकाळी चहानंतर. वाचताना छातीवर दडपण होते, पण पान उलटावे तसे ते उतरत गेले. मुलीने आईला कडक म्हटले होते, हट्टी म्हटले होते, क्वचित हास्यास्पदही ठरवले होते. पण अन्यायी म्हटले नव्हते. शेवटचे पान मिटताना बाईंना वाटले होते, पोरीला उशिरा का होईना, समजले. एवढ्याशा गोष्टीला ‘खोटे काही नाही’ म्हणण्यात जड जाण्यासारखे काय होते?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ते पुस्तक बाईंनी छापील वाचले नव्हते. जन्मभर त्यांनी कागदाखेरीज कशाला वाचन म्हटले नाही. पुस्तक ऐकणाऱ्यांना त्या "तुम्ही वाचत नाही, कीर्तनाला बसता" असे तोंडावर सुनावत. परंतु पंचाहत्तरी उलटल्यावर डोळ्यांनी दगा दिला. कडेचे सगळे दिसे आणि ज्या अक्षरावर नजर रोखावी तेच पुसट होई. मग मुलाने वाचनाचे यंत्र आणून दिले. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिले होते. गावात सगळे त्याला पाटी म्हणत. पाटीवर अक्षर सुपारीएवढे करता येई. बाईंनी ती नाक मुरडून हातात घेतली आणि तीन महिन्यांत तिच्यावाचून त्यांचे पान हलेनासे झाले. हे त्या कुणापाशी बोलत नसत.

गुरुवारी दुपारी बाईंच्या ओसरीवर पुस्तकभिशी बसली. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचे आणि एकीच्या घरी जमायचे, असा हा बारा वर्षांचा परिपाठ. त्यात बाईंनी एक नियम घालून दिला होता. आधी पुस्तकातला उतारा वाचायचा, मगच मत द्यायचे. आणि उतारा चालू असताना कुणी तोंड उघडायचे नाही. त्या दिवशी दोघींना लग्नाला जायचे होते, म्हणून तिघीच होत्या. बाई, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या कुसुमताई चौगुले, आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या फरीदा मुजावर.

या तिघींचे वाचन तीन वाटांनी चाले. कुसुमताई कानात बोंडे घालून पुस्तक ऐकत आणि हाताने पापड लाटत. "हात रिकामं ठिवून बसलं की मला पाप केल्यावानी वाटतं," असे त्यांचे म्हणणे. फरीदा मात्र छापीलच घेई. पुस्तक संपले की शेवटच्या पानावर पोस्टातल्या जुन्या शिक्क्याने त्या दिवसाची तारीख उमटवी आणि मगच ते कपाटात लावी. "शिक्का नाही बसला, तर टपाल पोचलं असं मी मानत नाही," असे ती सांगे.

मुलीचे पुस्तक आहे, म्हणून बाई सौम्य काही निवडतील, अशी दोघींची अटकळ होती. बाईंनी नेमके नको तेच प्रकरण उघडले. आपण कशाला भीत नाही हे दाखवण्याची त्यांना हौस होती.

"‘सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आईने मला व्यासपीठावर उभे केले,’" त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "‘दहावीच्या सराव परीक्षेत माझ्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. ती माझी नव्हती. तीन दिवस, तीन प्रार्थना, मी साऱ्या शाळेसमोर उभी होते. चिठ्ठी कुणाची, हे आईला कधीच कळले नाही आणि तिला विचारावे असे मलाही कधी वाटले नाही. न्याय करणाऱ्याचीही चूक होते, एवढे मात्र मी त्या तीन दिवसांत शिकले.’"

त्यांनी पाटी खाली ठेवली. "चूक झाली असं लिहिलंय. असेल. मी माणूस आहे."

कुसुमताई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. "बाई, राग मानू नका. पण माझ्यात असं न्हाई."

"असं नाही म्हणजे?"

"माझ्यात ती वाचणारी पोरगी म्हणती, की आईला कळलं असंल का, कोण जाणे. आन् मग प्रार्थना सुटल्यावर कुणीतरी हिच्या हातात खारातला आवळा ठिवतं, त्याचंच मोठं वर्णन हाय. मला रडू आलं त्या आवळ्यावर."

"माझ्या पुस्तकात आवळा नाही."

"मग माझ्यात कुठनं आला?"

"फरीदा," बाई म्हणाल्या, "छापील प्रत तुझ्यापाशी आहे. काय आहे तिथं, वाच."

फरीदाने मांडीवरचे पुस्तक उघडले, पाने चाळली, एका पानापाशी थांबली आणि मिटले. "चष्मा घरी राहिला, बाई."

चष्मा तिच्या गळ्यात साखळीला लोंबत होता. तो तिघींनाही दिसत होता. कुसुमताईंनी ताटलीतल्या चकलीकडे फार लक्ष दिले. सव्वीस वर्षांत बाईंनी पोरांच्या तोंडून शेकडो खोटी कारणे ऐकली होती, पण इतके दुबळे कारण इतक्या सज्जन माणसाकडून कधी ऐकले नव्हते.  संशयाला घाई करायची नसते, हे त्या जाणून होत्या.

भिशी उठल्यावर त्यांनी कुसुमताईंना मागे ठेवून घेतले. कॉपीचा संशय असला की दोन उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवायच्या, ही त्यांची जुनी रीत. एका बाजूला पाटी, दुसऱ्या बाजूला कुसुमताईंचा बोलणारा फोन. संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत दोघींनी पाच प्रकरणे पडताळली. कुसुमताईंच्या पुस्तकात स्वयंपाकघर मोठे होते, शेजारणी बोलक्या होत्या. बाईंच्या पुस्तकात शाळा मोठी होती आणि शिस्तीवर तीन पाने होती, जी कुसुमताईंच्या पुस्तकात मुळीच नव्हती.

"लेकीनं दोन-दोन पुस्तकं लिवली म्हणायची का?" कुसुमताईंनी विचारले.

"किंवा कुणीतरी तिच्या पुस्तकात हात घातलाय," बाई म्हणाल्या. "दिगंबर खोताला बोलावते."

दिगंबर खोत हा बाईंचा माजी विद्यार्थी, ऋजुताच्या एक वर्ग मागचा. कोल्हापुरात पाटी बनवणाऱ्या कंपनीतच मोठ्या हुद्द्यावर होता. शनिवारी सकाळी तो हजर झाला आणि पंचेचाळिशीचा माणूस असूनही बाईंनी सांगेपर्यंत बसला नाही.

"पाटीत कॅमेरा आहे, बाई," त्याने समजावून सांगितले. "मजकूर वाचताना तुमची बुबुळं किती मोठी होतात, नजर कुठं अडखळते, कुठल्या ओळीवर परत येते, हे तो टिपतो. ऐकणाऱ्यांच्या कानातल्या बोंडांना नाडी कळते. माणूस पुस्तक मिटण्याआधी डोळे आणि नाडी तसं सांगत असतात. आपल्याला पत्ता लागायच्या पाच-सहा ओळी आधी. आम्ही त्याला थांबबिंदू म्हणतो."

"आणि मग?"

"मग यंत्र पुढच्या ओळी बदलतं. लेखकाचीच भाषा, लेखकाचीच धाटणी, फक्त जिथं वाचणारा पुस्तक टाकून देईल ती जागा जरा सोपी करतं. सुरुवात झाली ती मुलांच्या पुस्तकांपासून. कठीण शब्द काढून सोपा घालायचा, एवढंच. मग लक्षात आलं, मोठी माणसं शब्द कठीण आहे म्हणून पुस्तक टाकत नाहीत. मजकूर झोंबतो म्हणून टाकतात. पूर्वी दहातली सात पुस्तकं अर्धवट राहायची. आता एखादंच राहतं."

"लेखकांना हे मान्य आहे?"

"करारात असतं. ‘वाचनसुलभ आवृत्ती’ असं कलम आहे. वाचतं कोण? सह्या करतात." तो ओशाळला. "छापील प्रत तेवढी जशीच्या तशी राहते. कागदाला कुठं कळतंय कोण वाचतंय ते."

बाईंनी पाटी त्याच्यापुढे सरकवली. "माझ्या पुस्तकात किती बदललं?"

"काय बदललं ते नाही सांगता यायचं. किती, ते दिसेल. बदलांक असतो प्रत्येकाचा." त्याने कुठेतरी दोन-चारदा बोट टेकवले आणि गप्प झाला.

"दिगंबर. गुण वाचून दाखवायला तुला कधीपासून लाज वाटायला लागली?"

"कुसुमताईंचा नऊ आहे, बाई. तोही बहुतेक तुमच्याच प्रकरणांत असणार. तुमच्यावर जीव आहे त्यांचा, नाडी चढत असेल." तो घुटमळला. "तुमचा एकतीस."

"शंभरात?"

"शंभरात. एवढा मी अजून पाहिला नव्हता."

बाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले, दारापर्यंत पोचवला. चपला घालताना तो खाली मान घालून म्हणाला, "त्या तीनही प्रार्थनांना मी होतो, बाई. आम्ही सगळेच होतो." उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

घरात परत आल्यावर बाईंना त्या पाटीकडे बघवेना. एखादा नोकर वर्षभर घरात वावरतो, पाय दाबतो, हो ला हो म्हणतो आणि एक दिवस कळते, की तो रोज आपल्या उशाशी बसून आपला चेहरा वाचत होता. तसे त्यांना झाले. पण त्याहून वाईट विचार त्यामागून आला. यंत्राने आपल्या मनाने काही केले नव्हते. बाईंच्या डोळ्यांनी जे नको म्हटले, तेच त्याने पुसले होते. काय नको म्हटले होते त्यांनी?

आणि ऋजुता उद्या येणार होती. कुठल्यातरी कबुलीवर विश्वास ठेवून येणार होती. बाईंनी आजवर एकाही गुणपत्रिकेवर न तपासता सही केली नव्हती. या वेळी मात्र मजकूर न वाचता ‘खोटे काही नाही’ असे लिहून खाली सही ठोकली होती.

त्या फरीदाकडे गेल्या. "मला ते पान वाचून दाखव," त्या म्हणाल्या. फर्मावले म्हणणेच योग्य.

फरीदाने पुस्तक काढून त्यांच्या हातात दिले, पण उघडले नाही. "पुस्तक न्या. पण हे माझ्या तोंडून नको, बाई. मला तुमच्या घरी पुन्हा चहाला यायचंय."

परतताना वाटेत कुसुमताई त्यांच्या दारातच भेटल्या. सगळे ऐकून त्यांनी आपला सल्ला दिला. "येऊ दे की लेक. आली, जेवली, खूश होऊन गेली. तुम्हाला काय म्हाइत न्हाई, तिला काय म्हाइत न्हाई. कुणाचं बिघडतंय?"

सल्ला वाईट नव्हता. बाईंनी तो रात्रभर बाळगला.

रविवारी अकराला ऋजुता आली. केस पांढरे झाले होते, हे बाईंना आधी दिसले, कारण कडेचे त्यांना स्वच्छ दिसे; चेहरा मात्र पुसट होता. मुलगी वाकली, तेव्हा बाईंचा हात तिच्या डोक्यावर अंमळ जास्त वेळ राहिला. पहिली दहा मिनिटे प्रवासात, उन्हात, भावाच्या तब्येतीत गेली. बाई तिचा प्रत्येक शब्द तपासून घेत होत्या. ही काय समजून आली आहे? कुठे नेते आहे बोलणे?

"तुझं पत्र मी जपून ठेवलंय," ऋजुता म्हणाली. "‘खोटे काही नाही.’ मला वाटलं होतं, तू पुस्तक फेकून देशील. त्या चिठ्ठीच्या प्रकरणापाशी तर नक्कीच. तिथं काय वाटलं तुला, आई? खरं सांग."

ही ती जागा होती. ‘वाईट वाटलं’ असे दोन शब्द बोलले असते तर निभावले असते. पानात वाढून ठेवले होते, वरण गरम होते, मुलगी समोर होती. कुसुमताईंचा सल्ला अजून हाताशी होता.

"ते मी वाचलेलं नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळे क्रमाने सांगितले. डोळे, पाटी, आवळा, दिगंबर खोत, एकतीस. काही वगळले नाही. ऋजुता ऐकत होती आणि बाईंना तिचा चेहरा दिसत नसला, तरी तिचे बोलणे थंड होत गेले ते कळले.

"त्या कराराचं मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं, अक्षर लहानमोठं होईल, एवढंच. भांडेन मी त्यांच्याशी. पण आई, मला एक शंका आहे. आता यंत्र सापडलंय म्हणून बरं. यंत्र नव्हतं तेव्हा कोण बदलत होतं? या घरात मी जे बोलले, ते तुझ्यापर्यंत कधी जसंच्या तसं पोचलं?"

बाई उठल्या. त्यांनी कोनाड्यातले पुस्तक काढून मुलीपुढे धरले. "मला हे अक्षर दिसत नाही. तू वाच."

"मध्ये थांबवशील."

"उतारा चालू असताना कुणी बोलत नाही. माझाच नियम आहे."

ऋजुताने पान काढले. तिचा वाचण्याचा आवाज शाळेतलाच राहिला होता, सपाट आणि स्पष्ट, जसा बाईंनीच घडवला होता.

"‘तीन दिवस मी साऱ्या शाळेसमोर उभी होते. चिठ्ठी माझी नव्हती, आणि आईला ते कळले होते, असा माझा संशय आहे. कधी कळले, ते मला ठाऊक नाही. कदाचित महिन्याने, कदाचित वर्षाने. पण त्या वर्षाच्या शेवटी भारती देसाई शाळा सोडून गेली, तेव्हा आईने तिच्या दाखल्यावर सही करताना माझ्याकडे पाहिले नाही. मी आईला एकदाच विचारले. बाबांच्या तेराव्याला. ती म्हणाली, शाळेचा विषय घरात नको. माझे उत्तर मला मिळाले. ज्या बाईने गावातल्या एकाही मुलावर जाणूनबुजून अन्याय होऊ दिला नाही, तिने तो एकाच मुलीवर केला. कारण त्या मुलीच्या वतीने तक्रार घेऊन दाराशी येणारा पालक ती स्वतःच होती.’"

ऋजुता थांबली. उतारा संपला होता, म्हणजे आता मत द्यायची वेळ होती. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बाईंना आठवले, या प्रकरणापाशी सकाळी वाचताना त्यांचे डोळे चुरचुरले होते आणि त्यांनी थेंब घातले होते. एवढेच त्यांना आठवत होते. यंत्राला मात्र तेवढे पुरले होते.

"चूक आहे यात," त्या म्हणाल्या.

ऋजुताने पुस्तक मिटले. "वाटलंच मला."

"महिन्याने नाही. वर्षाने नाही." बाईंचा आवाज प्रार्थनेच्या वेळी असे तसाच निघाला, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात हे बोलता आले नसते. "सोमवारी. त्याच सोमवारी, शाळा सुटल्यावर, भारती माझ्या खोलीत आली होती. रडत होती. चिठ्ठी तिची होती, घाबरून तिनं ती तुझ्या बाकाखाली सरकवली होती. मी तिला पाणी दिलं. आणि सांगितलं, आता यावर कुणापाशी बोलायचं नाही. घरी जा."



"सोमवारी," ऋजुता म्हणाली. "मग मंगळवारी आणि बुधवारी मी का उभी होते?"

"मी तीन दिवस म्हटलं होतं म्हणून."

ऋजुता उठली. बाईंना वाटले, पिशवी घेईल. ती खिडकीपाशी गेली, तिथून शाळेची मागची भिंत दिसे, आणि पाठ करून उभी राहिली.  पानातले वरण थिजले.

"मी संशय आहे असं लिहिलं," ती शेवटी म्हणाली. "चार वेळा ते वाक्य खोडलं मी. आईवर एवढा आळ कसा घ्यायचा म्हणून महिना, वर्ष असं घातलं. म्हणजे मीसुद्धा तुला सांभाळूनच घेतलं की. यंत्राच्या आधी."

"दुसरी आवृत्ती निघेल?"

"निघेल."

"मग दुरुस्त कर. आणि तेवढं पान कागदावरच काढ. दुसरीकडं कुठं देऊ नकोस."

"कोणत्या शब्दांत दुरुस्त करू?" ऋजुता परत येऊन बसली. तिने पर्समधून पेन काढले, पुस्तक उघडले. "तूच सांग. मला आता माझे शब्द पुरेसे वाटत नाहीत."

बाई ताठ बसल्या. त्यांनी हजारो मुलांना मजकूर सांगितला होता आणि मुलांनी तो उतरवून घेतला होता. त्यात स्वतःचा असा एकही नव्हता.

"लिही," त्या म्हणाल्या, सावकाश, शब्द तोडून. "‘आईला सोमवारी संध्याकाळीच कळले होते. तिने एका मुलीला गप्प बसवले आणि दुसरीला आणखी दोन दिवस उभे केले. शब्द मागे घेणे तिला जमले नाही.’ झालं. एवढंच."

पण पेनाचा आवाज थांबला नाही. ऋजुता समासात खालपर्यंत लिहीत गेली, मग पुस्तक आडवे धरून कडेच्या जागेत लिहू लागली. ते काय आहे, हे बाईंना दिसणे शक्य नव्हते. वाचून दाखव, असे त्यांनी म्हटले नाही. त्या बसून राहिल्या आणि तिचे लिहून होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.